दहा मिलिसेकंदांची बेगमी

लॅपटॉपच्या अडॅप्टरवर एक बारीकसा दिवा असतो. भिंतीवरचं बटण बंद केलं तरी तो लगेच विझत नाही. दोन-चार सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ तेवत राहतो, मंद होतो आणि मग जातो. वीज तर केव्हाच तुटलेली असते. मग एवढा वेळ त्या दिव्याला पुरवठा कोण करतं? अडॅप्टरच्या पोटात बोटाच्या पेराएवढं, प्लास्टिकच्या पातळ वेष्टनातलं एक नळकांडं असतं, ते. त्याचं नाव कपॅसिटर. पाठ्यपुस्तकांत धारित्र; आणि पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मागायला गेलात तर कंडेन्सर.

त्यातल्या साठ्याचा हिशेब केला तर तो अगदीच किरकोळ निघतो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरला की त्यात सुमारे ५ ज्यूल ऊर्जा साठते. एक किलोचं वजन अर्धा मीटर उचलायला एवढीच ऊर्जा लागते. खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीत याच्या दहा हजार पटींहून अधिक ऊर्जा असते. तरीही घरातला टीव्ही, संगणक, वायफायचा राउटर, एलईडीचा दिवा, झाडून सारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं या एवढ्याशा साठ्यावर विसंबून चालतात. याचं कारण वेळेत आहे. बॅटरी तासांचा हिशेब सांभाळते, कपॅसिटर क्षणांचा. त्यात किती मावतं यापेक्षा ते केव्हा आणि किती चटकन बाहेर काढता येतं, याला मोल आहे. वीजपुरवठ्याचं सर्किट समजून घ्यायचं असेल तर प्रत्येक कपॅसिटरला एकच प्रश्न विचारावा: तुला किती वेळ तग धरायचा आहे?

सेकंदाला शंभर वेळा शून्य

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची असते. पण २३० हा तिचा परिणामकारक आकडा आहे. प्रत्यक्षात व्होल्टेज एका जागी कधीच थांबत नाही. ते शून्यापासून ३२५ पर्यंत चढतं, उतरून पुन्हा शून्यावर येतं, मग उलट दिशेनं ३२५ पर्यंत जातं आणि परत फिरतं. असं एका सेकंदात ५० वेळा होतं. म्हणजे दर सेकंदाला १०० क्षण असे येतात, जेव्हा प्लगमध्ये मुळीच व्होल्टेज नसतं.

जुन्या पिवळ्या बल्बला याचं सोयरसुतक नव्हतं. त्याची तार एकदा तापली की त्या निमिषात थंड व्हायला तिला सवडच मिळत नसे. पंख्याच्या पात्यांना आपलं जडत्व सावरून नेतं. इलेक्ट्रॉनिक सर्किटांना मात्र असं काही अंगचं जडत्व नसतं. त्यांना एकाच दिशेचं, स्थिर व्होल्टेज लागतं; ते क्षणभर खाली गेलं तरी मेमरी पुसली जाते, आवाज चिरकतो, प्रोसेसर गडबडतो.

दिशेचा प्रश्न डायोड सोडवतात. चार डायोडांचा ब्रिज लावला की उलट दिशेचा अर्धा भागही सुलट होतो. आता व्होल्टेज एकाच दिशेचं असतं, पण दर १० मिलिसेकंदांना एक अशा उंचवट्यांच्या रांगेसारखं. दोन उंचवट्यांच्या मधली दरी अजूनही शून्यापर्यंत खोल जाते. ती भरून काढायचं काम कपॅसिटरचं.

मोटेवरची शेती ज्यांनी पाहिली किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे, त्यांना हे पटकन उमगेल. मोट विहिरीतून भरून येते, थारोळ्यात ओतली जाते आणि पुन्हा खाली उतरते. पाणी येतं ते खेपेखेपेनं. पाटातून पिकाकडे जाणारी धार मात्र तुटत नाही, कारण दोन खेपांच्या मधल्या वेळेपुरतं पाणी थारोळ्यात असतं. ब्रिजच्या पुढे जोडलेला कपॅसिटर हेच करतो. उंचवट्याच्या माथ्याशी तो भरून घेतो. व्होल्टेज उतरू लागलं की डायोड बंद होतात, साठलेला विद्युतभार परत मागे जाऊ शकत नाही, आणि पुढचा उंचवटा येईपर्यंत सगळं सर्किट एकट्या कपॅसिटरवर चालतं.

आता हिशेब पाहू. कपॅसिटरचं व्होल्टेज किती उतरेल, हे काढायला प्रवाहाला वेळेनं गुणायचं आणि कपॅसिटरच्या क्षमतेनं भागायचं. समजा, १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याचं शिखर सुमारे १७ व्होल्टचं. दोन डायोडांत दीड व्होल्टच्या आसपास गेले की साडेपंधरा उरले. पुढे ७८१२ हा नेहमीचा रेग्युलेटर आहे, त्याला १२ व्होल्ट नीट देण्यासाठी आत साधारण १४ व्होल्ट तरी लागतात. आणि सर्किट अर्धा अँपिअर घेतं. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर १० मिलिसेकंदांत ५ व्होल्ट उतरतील. साडेपंधराचे साडेदहा होतील आणि रेग्युलेटर दर खेपेला हात टेकेल. २२०० मायक्रोफॅरड घेतले तर घसरण सव्वादोन व्होल्टची, तरीही किंचित कमीच पडणार. ४७०० मायक्रोफॅरड घेतले की जेमतेम एक व्होल्ट उतरतो आणि काम भागतं. प्रत्यक्षात १० मिलिसेकंदांचा काही भाग भरण्यात जातो, त्यामुळे घसरण याहून थोडी कमी असते. पण अंदाज बांधायला हा हिशेब पुरेसा आहे आणि चुकला तर तो सुरक्षित बाजूला चुकतो.

ही घसरण कानांनाही कळते. जुना रेडिओ किंवा अँप्लिफायर लावल्याबरोबर गाण्यामागे सतत 'घूंऽऽ' असा आवाज येत असेल, तर तो सेकंदाला १०० वेळा होणाऱ्या याच चढउताराचा असतो. जाणता मेकॅनिक झाकण उघडायच्या आधीच निदान करतो: फिल्टरचा कंडेन्सर उतरला.

लायडनची बरणी आणि टीव्हीची काच

विजेचा असा साठा करता येतो, हे माणसाला अठराव्या शतकात कळलं आणि तेही जोरदार झटका खाऊन. ऑक्टोबर १७४५ मध्ये पोमेरेनियातल्या एवाल्ड फॉन क्लाइस्ट या धर्मगुरूनं हातात धरलेल्या बाटलीत खिळ्यावाटे घर्षणयंत्राची वीज सोडली. मग खिळ्याला हात लावताच त्याला हादरा बसला. काही महिन्यांतच हॉलंडमधल्या लायडन इथे पीटर फान म्युसेनब्रूक या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत हाच अनुभव आला. तिथली पाण्यानं भरलेली काचेची बरणी पुढे 'लायडन जार' म्हणून युरोपभर गाजली. १७४६ मध्ये फ्रान्समध्ये आबे नोले यांनी राजा पंधराव्या लुईसमोर १८० पहारेकऱ्यांना हात धरून उभं केलं आणि एका बरणीतली वीज त्यांच्यातून सोडली. सगळे एकाच वेळी उडाले.

बरणीत नेमकं काय साठतं, याचा शोध बेंजामिन फ्रँकलिन यांनी घेतला. बरणीतलं पाणी ओतून टाकून त्यांनी तपासलं, तर वीज पाण्यात नव्हती, काचेत होती. आजच्या भाषेत सांगायचं तर काचेच्या दोन अंगांना समोरासमोर उभ्या ठाकलेल्या विरुद्ध भारांमुळे मधल्या जागेत विद्युतक्षेत्र ताणलं जातं आणि ऊर्जा त्या क्षेत्रात राहते. कपॅसिटरची सारी रचना यातूनच येते: दोन वाहक पत्रे आणि मध्ये एक विद्युतरोधक थर. पत्रे जितके पसरट आणि मधला थर जितका पातळ, तितकी क्षमता मोठी. ही क्षमता मायकेल फॅरडे यांच्या नावावरून फॅरड या एककात मोजतात. एक फॅरड फारच मोठा असल्यामुळे व्यवहारात त्याचा दहा लाखावा भाग, म्हणजे मायक्रोफॅरड वापरतात.

लायडनची बरणी संग्रहालयात गेली असं आपल्याला वाटतं, पण ती आपल्या दिवाणखान्यांत कित्येक वर्षं नांदत होती. जुन्या, पाठीकडे फुगीर असलेल्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला रंगीत चित्रासाठी सुमारे २५ हजार व्होल्ट लागत. एवढ्या व्होल्टेजसाठी वेगळा फिल्टर कपॅसिटर बनवण्याऐवजी अभियंत्यांनी ट्यूबच्या नरसाळ्यासारख्या काचेलाच आतून आणि बाहेरून ग्रॅफाइटचा काळा लेप दिला. आतला लेप उच्च व्होल्टेजला, बाहेरचा अर्थला, मध्ये काच. टीव्ही बंद करून बराच वेळ झाल्यावरही ट्यूबच्या टोपीखाली हात गेला की मेकॅनिकला झटका बसे, तो या काचेतल्या साठ्याचा. क्षमता एक-दोन हजार पिकोफॅरड एवढीच, म्हणजे मायक्रोफॅरडचा हजारावा भाग किंवा त्याच्या दुप्पट. तरी २५ हजार व्होल्टमुळे अर्ध्या ज्यूलच्या आसपास ऊर्जा जमत असे.

यातली गोम व्होल्टेजच्या वर्गात आहे. कपॅसिटरमधली ऊर्जा म्हणजे क्षमतेला व्होल्टेजच्या वर्गानं गुणून येणाऱ्या संख्येच्या निम्मी. क्षमता दुप्पट केली तर ऊर्जा दुप्पट होते. व्होल्टेज दुप्पट केलं तर चौपट. वीजपुरवठ्याचा आराखडा करणारा माणूस शक्य असेल तिथे ऊर्जा उच्च व्होल्टेजवर साठवतो, ती यामुळेच.

पाऊण मायक्रोमीटरची भिंत

पण ४७०० मायक्रोफॅरड एवढ्याशा नळकांड्यात मावतात कसे? काच किंवा कागद वापरला तर एवढ्या क्षमतेचा कपॅसिटर खोकाभर मोठा होईल. याचं उत्तर ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडमध्ये सापडलं. कॅरोल पोलाक या पोलिश अभियंत्यानं १८९६ साली अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि आजचे नळकांड्यांसारखे कपॅसिटर त्याच कल्पनेचे वारस आहेत.

ॲल्युमिनियमची पातळ पट्टी रसायनानं कोरून खडबडीत केली जाते, इतकी की तिचं पृष्ठफळ अनेक पटींनी वाढतं. मग द्रावणात वीज सोडून तिच्यावर ऑक्साइडचा थर चढवतात. दर व्होल्टला हा थर सुमारे दीड नॅनोमीटरनं जाड होतो. म्हणजे ४०० व्होल्टच्या कपॅसिटरमध्येही, राखीव म्हणून जास्तीचा थर धरला तरी, ही भिंत पाऊण मायक्रोमीटरच्या आसपास. माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढी. या खडबडीत पृष्ठभागाच्या प्रत्येक खाचखळग्यात शिरेल असा दुसरा पत्रा हवा, म्हणून तो द्रवरूप असतो: इलेक्ट्रोलाइटमध्ये भिजवलेला कागद. पट्टी, कागद आणि जोडणीची दुसरी पट्टी यांची गुंडाळी करून ॲल्युमिनियमच्या डब्यात बंद केली की कपॅसिटर तयार.

या बांधणीतून त्याचे गुण येतात आणि दोषही. ऑक्साइडचा थर एकाच दिशेला तग धरतो. उलटा जोडला तर थर विरतो, आत वायू तयार होतो आणि डबा फुटतो. म्हणूनच वेष्टनावर ऋण बाजूची पट्टी छापलेली असते. डब्याच्या माथ्यावर फुलीसारख्या खाचा असतात, त्या शोभेच्या नव्हेत. दाब वाढला तर डबा तिथे हलकेच उकलावा आणि स्फोट टळावा यासाठी त्या मुद्दाम पाडलेल्या असतात. पंख्यातला कंडेन्सर मात्र वेगळ्या जातीचा. त्याचं काम मोटरच्या एका वेटोळ्यातला प्रवाह पुढेमागे करण्याचं आहे, ऊर्जा राखून ठेवण्याचं नाही. तो एसीवर चालतो, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा लावण्याची चूक कधीही करू नये.

वीज जाते आणि संगणक चालू राहतो

लोखंडी ट्रान्सफॉर्मरचे जड वीजपुरवठे आता मागे पडले आहेत. संगणकात, टीव्हीत, मोबाइलच्या चार्जरमध्ये एसएमपीएस असतो. तो २३० व्होल्ट आधी उतरवत बसत नाही. थेट डायोडांतून नेऊन ३२५ व्होल्टच्या आसपासच्या डीसीवर एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो. मग सेकंदाला ६५ हजार, एक लाख किंवा त्याहून अधिक वेळा चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर त्या साठ्यातून ऊर्जेचे छोटे घोट एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून पुढे पाठवतो. दोन घोटांमधलं अंतर आता १० मिलिसेकंदांऐवजी १०-१५ मायक्रोसेकंद किंवा त्याहूनही कमी. तग धरायचा वेळ सुमारे हजारपटीनं घटला म्हणून पुढच्या बाजूला लागणारी क्षमताही तेवढ्याच पटीनं घटते. चार्जर मुठीत मावतो, तो या साध्या गणितामुळे.

३२५ व्होल्टच्या कपॅसिटरवर मात्र आणखी एक जबाबदारी असते. वीज गेली किंवा शेजारचा पंप सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली बसलं, तर संगणकाला सावरून धरायचं. संगणकाच्या एसएमपीएसनं पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तरी तग धरावा, असा संकेत आहे. तो पाळता येतो का, ते पाहू. ३३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टवर भरला की त्यात १७.४ ज्यूल असतात. एसएमपीएस २५० व्होल्टपर्यंत काम करू शकतो असं धरलं, तर त्या वेळी आत १०.३ ज्यूल शिल्लक असतील. म्हणजे वापरता येणारी ऊर्जा ७.१ ज्यूल. संगणकाला ३०० वॉट लागतात आणि वाटेतल्या तोट्यासह एसएमपीएस ३७५ वॉट ओढतो. ७.१ ला ३७५ नं भागलं की १९ मिलिसेकंद येतात. काम झालं, पण काठावर. वीज दोन शिखरांच्या मधोमध गेली तर हा वेळ आणखी कमी. आता तोच कपॅसिटर ३९० व्होल्टवर भरला तर? वापरण्याजोगी ऊर्जा १४.८ ज्यूल होते आणि तग ३९ मिलिसेकंदांचा. व्होल्टेज पाचव्या हिश्शानं वाढलं, तग दुपटीनं वाढला.

भारनियमनाच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले, तेव्हा अनेकांना एक कोडं पडे: वीज गेली की दिवे आणि पंखे चालू राहतात, पण संगणक मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो. कोड्याचं उत्तर याच मिलिसेकंदांत आहे. वीज गेल्याचं ओळखून बॅटरीवर यायला इन्व्हर्टरला काही वेळ लागतो. साध्या मोडमध्ये तो वेळ एसएमपीएसच्या तग धरण्याच्या वेळेपेक्षा जास्त असू शकतो. पुष्कळ इन्व्हर्टरांवर यूपीएस मोडचं वेगळं बटण असतं. त्यात बदली वेगानं होते आणि कपॅसिटरमधला साठा तेवढ्या वेळाला पुरतो.

मोठाच कपॅसिटर लावला तर?

मग सगळीकडे भलेमोठे कपॅसिटर लावून निश्चिंत का होऊ नये? किंमत आणि जागा या अडचणी आहेतच, पण खऱ्या अडचणी दोन आहेत.

पहिली, सुरू करण्याच्या क्षणाची. रिकामा कपॅसिटर विजेला जवळजवळ शॉर्ट सर्किटसारखा भासतो. बटण दाबताच त्यात काही मिलिसेकंदांपुरता प्रचंड प्रवाह घुसतो. प्लग घालताना सॉकेटमध्ये 'चट्' करून ठिणगी उडते, ती याचीच. तो प्रवाह आवरायला वाटेत एक थर्मिस्टर लावतात. थंड असताना त्याचा रोध जास्त असतो, तापल्यावर कमी होतो. म्हणून उपकरण बंद करून लगेच चालू करणं वाईट. थर्मिस्टर अजून गरम असतो आणि त्याचा पहारा ढिला पडलेला असतो.

दुसरी अडचण वीज मंडळाची. कपॅसिटर जितका मोठा, तितकं त्याचं व्होल्टेज शिखराच्या जवळ राहतं आणि तितका कमी वेळ डायोड उघडे असतात. दहातल्या एक-दोन मिलिसेकंदांतच सगळी ऊर्जा ओढून घ्यावी लागते, त्यामुळे प्रवाह टोकदार होतो. शहरातली लाखो उपकरणं नेमकी शिखराच्याच क्षणी वीज ओढू लागली की तारा आणि ट्रान्सफॉर्मर विनाकारण तापतात आणि व्होल्टेजचा माथा चपटा होतो. अशा पुरवठ्याचा पॉवर फॅक्टर ०.६ च्या आसपास रेंगाळतो. म्हणून आयईसी ६१०००-३-२ या आंतरराष्ट्रीय मानकानं ७५ वॉटपेक्षा जास्त वीज घेणाऱ्या अनेक उपकरणांवर मर्यादा घातली. उपाय म्हणून डायोड आणि कपॅसिटर यांच्यामध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट आलं. ते पूर्ण १० मिलिसेकंदभर वीज बेतानं घेतं आणि कपॅसिटर ३८०-४०० व्होल्टवर भरतं. एका दगडात दोन पक्षी: तारांवरचा ताण कमी होतो आणि वर पाहिल्याप्रमाणे तग वाढतो.

नॅनोसेकंदांचे राखणदार

आता उपकरणाच्या अगदी आत शिरू. मोबाइलच्या सर्किट बोर्डावर तिळाहूनही बारीक, तपकिरी रंगाचे शेकडो ठिपके दिसतात. ते सिरॅमिक कपॅसिटर आहेत. बॅटरी काही सेंटिमीटरवर असताना यांची गरज का पडावी?

कारण प्रोसेसरची भूक नॅनोसेकंदांत वाढते आणि नॅनोसेकंदांत मावळते. प्रत्येक तारेला थोडंसं इंडक्टन्स असतं. प्रवाह एकाएकी वाढायला तार विरोध करते. १५ सेंटिमीटर तारेचं इंडक्टन्स साधारण १५० नॅनोहेन्री. प्रवाह १० नॅनोसेकंदांत एका अँपिअरनं वाढवायचा झाला तर नुसत्या त्या तारेवर १५ व्होल्ट खर्च होतील. प्रोसेसर तर एका व्होल्टच्या आसपास चालतो. म्हणजे बॅटरी कितीही ताकदीची असली, तरी तिची मदत वेळेवर पोचणार नाही. चिपला खेटून बसलेला ०.१ मायक्रोफॅरडचा ठिपका ती पहिली गरज भागवतो. तोवर जरा लांबचा, थोडा मोठा कपॅसिटर हालचाल करतो, आणि त्याच्या मागून पुरवठ्याचं सर्किट.

अशी ही उतरंड असते. मोठं नळकांडं मिलिसेकंद सांभाळतं, त्यापुढचं मायक्रोसेकंद, सिरॅमिकचा ठिपका नॅनोसेकंद. यातला एकही दुसऱ्याचं काम करू शकत नाही. नळकांड्याची क्षमता कितीही असो, त्याची तारेची टोकं आणि आतला रोध त्याला नॅनोसेकंदांत धावू देत नाहीत.

दुसऱ्या टोकाला

काळाच्या दुसऱ्या टोकाला सुपरकपॅसिटर आहेत. यात ऑक्साइडचा थरही नसतो. सच्छिद्र कार्बनच्या पृष्ठभागाशी इलेक्ट्रोलाइटमधले आयन येऊन टेकतात आणि भारांमधलं अंतर रेणूंच्या मापाचं होतं. यातला एखादा मोठा सेल ३००० फॅरडचा असतो, पण जेमतेम २.७ व्होल्ट सोसतो. ऊर्जा सुमारे ११ हजार ज्यूल, म्हणजे ३ वॉट-तास. वजन अर्धा किलो. ५००० मिलिअँपिअर-तासाच्या मोबाइल बॅटरीत याच्या सहापट ऊर्जा असते. तरी हा सेल काही सेकंदांत भरतो, तितक्याच वेगानं रिकामा होतो आणि लाखो वेळा हे करूनही फारसा झिजत नाही. शांघायमध्ये २००६ पासून थांब्याथांब्यावर चार्ज होणाऱ्या बसगाड्या याच बळावर धावल्या.

आणि क्षणात सगळं देण्याची कमाल पाहायची असेल तर कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरची नॅशनल इग्निशन फॅसिलिटी पाहावी. तिथल्या १९२ लेझर झोतांना पेटवणाऱ्या कपॅसिटरांत सुमारे ४०० मेगाज्यूल ऊर्जा साठवतात. ऐकायला अफाट वाटते, पण आपल्या वीजबिलाच्या भाषेत ती १११ युनिट भरते; एखाद्या मध्यमवर्गीय घराचा महिन्याचा वापर. फरक वेळेचा. ही ऊर्जा एका मिलिसेकंदाहून कमी वेळात मोकळी होते, म्हणजे त्या क्षणापुरती शक्ती ४०० गिगावॅटच्या वर जाते. मे २०२४ मध्ये साऱ्या भारताची विजेची मागणी उच्चांकाला पोचली, तेव्हा ती २५० गिगावॅट होती. ५ डिसेंबर २०२२ रोजी याच प्रयोगशाळेत लेझरनं दिलेल्या २.०५ मेगाज्यूलच्या बदल्यात अणुसंमीलनातून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. ते यश या कपॅसिटरांच्या खांद्यावर उभं होतं.

सावध हात

पटकन देण्याचा हा गुण बोटांसाठी धोक्याचा आहे. प्लग काढला म्हणजे उपकरण मृत झालं, असं समजू नये. एसएमपीएसमधला कपॅसिटर ३०० व्होल्टहून अधिक धरून बसलेला असू शकतो. चांगल्या सर्किटांत त्याच्या दोन टोकांना एक रेझिस्टर जोडलेला असतो, साठा हळूहळू झिरपवण्यासाठी. ३३० मायक्रोफॅरडला एक लाख ओहमचा रेझिस्टर असेल तर ३२५ व्होल्टचे ५० व्हायला एक मिनिटाच्या वर लागतं. तोच रेझिस्टर उडालेला असेल तर साठा तासन्‌तास टिकतो. म्हणून आधी मीटर लावून मोजावं, मग काही हजार ओहमचा, पुरेशा वॉटचा रेझिस्टर रोधक पकडीनं धरून साठा रिकामा करावा आणि पुन्हा मोजावं. पेचकस आडवा टाकून ठिणगी पाडण्याची सवय वाईट. त्यानं पेचकस वितळतो, कपॅसिटर दुखावतो आणि डोळ्यांना इजा होऊ शकते.

आधी म्हातारा होणारा भाग

वीजपुरवठ्यातल्या साऱ्या भागांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बहुधा सर्वांत आधी थकतो. आतला द्रव रबराच्या बुचातून वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातो. क्षमता घटते, आतला रोध वाढतो. रोध वाढला की तो जास्त तापतो आणि तापला की आणखी लवकर वाळतो. वेष्टनावर '१०५ अंश' लिहिलेलं असतं. त्या तापमानाला २००० तास चालेल अशी हमी असलेला कपॅसिटर दर १० अंश थंडाव्यामागे ढोबळमानानं दुप्पट टिकतो. ६५ अंशांना म्हणजे सोळापट, ३२ हजार तास. सतत चालू असेल तर साडेतीन वर्षांहून थोडं अधिक. राउटर किंवा सेट-टॉप बॉक्स कपाटात कोंडून ठेवला तर तो लवकर का जातो, ते यावरून कळेल. एलईडी दिव्याची नुसती लुकलुक सुरू होते, तीही पुष्कळदा आतल्या तापलेल्या कपॅसिटरमुळे. या शतकाच्या सुरुवातीला तर सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे जगभर असंख्य संगणकांचे मदरबोर्ड निकामी झाले होते. आत हायड्रोजन वायू तयार होऊन कपॅसिटरांचे माथे फुगून आले होते.

पण या दुखण्यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. बंद पडलेला टीव्ही, मॉनिटर, अँप्लिफायर किंवा सेट-टॉप बॉक्स भंगारात देण्याआधी जवळच्या मेकॅनिककडे न्या आणि एसएमपीएसमधले कंडेन्सर पाहायला सांगा. माथा फुगलेला असेल, बुडाशी तपकिरी ओघळ असेल तर दोष सापडलाच. पण काही कपॅसिटर वरून धडधाकट दिसत असूनही आतून गेलेले असतात, म्हणून ते मोजून घ्यायला सांगा. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, आणि १०५ अंशांचा, नामांकित कंपनीचा भाग मागा. काही रुपयांच्या एका नळकांड्यासाठी अख्खं उपकरण कचऱ्यात टाकणं पैशाचं नुकसान आहे आणि जमिनीचंही. ते टाळणं आपल्या हातात आहे.